मास्तर ठणठणीत आहेत

रविवार, ८ जून
विमानतळाजवळचं लॉज

ती. मामा,

नमस्कार. हे पत्र तुम्ही हातात धरणार नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून मी ते कागदावर लिहून त्याचा फोटो तुमच्या लेकीच्या मोबाइलवर पाठवतो आहे. ती तुमच्या खुर्चीशेजारी उभी राहून मोठ्याने वाचेल. तुम्ही ऐकायचं नाही, एवढंच तुमचं काम.

फोन केला असता, पण माझा आवाज कानावर आला की तुम्ही फोन उशीखाली सारता. गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी तुमचं ट्रम्पेट फुंकणं थांबवलं आणि तुम्ही जेवताना जाहीर केलंत, "बँड बंद." मी म्हणालो, "बंद कशाला? आम्ही आहोत की." झालं! तेव्हापासून सासऱ्या-जावयाचं बोलणं तुमच्या लेकीमार्फत चालतं. मी तुमच्या मांडीला मांडी लावून बसलेला, आणि तुम्ही तिला म्हणता, "त्याला सांग, पंखा कमी कर." ती मला सांगते. मी म्हणतो, "त्यांना सांग, वीज गेलीय." असो. हे भांडणाचं पत्र नाही. तुम्ही बंद केलेला बँड परदेशात सुखरूप पोचला, एवढंच कळवायचं होतं.

बँड म्हणजे तूर्त आम्ही तिघं. मी आणि माझा क्लॅरिनेट, काडी आणि त्याचा ड्रम, आणि भोंगा. भोंगा हे माणसाचंही नाव आणि त्याच्या वाद्याचंही, यावरून विमानतळावर घोळ झाला. तिथल्या अधिकाऱ्याने ती पेटी बघितली. काडी तिच्यात उभा मावतो, म्हणजे संशय येणारच. "आत काय आहे?" असं त्याने खुणेने विचारलं. "भोंगा," आम्ही म्हणालो. "तुझं नाव?" "भोंगा." अधिकाऱ्याने चष्मा काढला. शेवटी म्हणाला, वाजवून दाखव. आपल्या भोंग्याने छाती भरून एकच सूर सोडला. सामान हुंगायला ठेवलेलं कुत्रं बसल्या जागी रडायला लागलं. लगेच सोडलं आम्हाला.

ज्या लग्नात वाजवायला आलो, त्याचं गाव देशाच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. तिथे जाणाऱ्या छोट्या विमानात ती पेटी घेईनात, म्हणून व्हॅन भाड्याने घेतली. चालवायला भोंगा. जन्मभर शाळेची बस चालवलेला माणूस आहे, तेव्हा काळजी नाही. इथे गाड्या उलट्या बाजूने चालतात एवढंच. पहिल्याच चौकातल्या गोल बेटाभोवती आम्ही बराच वेळ फिरत होतो, कारण बाहेर पडायला कुणी वाट देईना आणि घुसायचं धाडस भोंग्याला होईना. प्रत्येक वळणाला तो सवयीने ओरडतो, "खिडकीतून हात आत!" मी आणि काडी निमूटपणे हात आत घेतो.

ट्रम्पेटचं म्हणाल तर त्याची सोय झाली आहे. तुम्ही चिंता करू नये. करत नसाल तर उत्तमच.

आपला,
जावई

मंगळवार, १० जून
कपडे धुवायच्या दुकानातून

ती. मामा,

नमस्कार. तुमची लेक म्हणते, पहिलं पत्र वाचताना तुम्ही कानाचं यंत्र काढून ठेवलंत. ती असंही म्हणते की कुत्र्यापाशी आल्यावर तुम्हाला ठसका लागला. यंत्राशिवाय कुत्रं कसं ऐकू आलं हे तुमचं तुम्हाला माहीत.

इथे कपडे धुवायला दुकान असतं, पण धुणारा नसतो. आपणच मशीनच्या पोटात कपडे कोंबायचे आणि समोरच्या बाकावर बसून ते गरगरताना बघायचे. काडीने आपले लाल कोट आणि पांढऱ्या पँट एकाच मशीनमध्ये घातले. तो न्हावी आहे. कपड्यांची जात ओळखणं त्याच्या धंद्यात नाही. मशीन थांबलं तेव्हा कोट लालच होते, पण पँट गुलाबी झाल्या होत्या. बाळाच्या झबल्यासारख्या, अगदी गोड गुलाबी.

"मास्तर असते तर..." काडी तुमच्या आठवणीने पुटपुटला.

"मास्तर असते तर तुलाच मशीनमध्ये घातला असता," भोंगा म्हणाला.

पँट वाळेपर्यंत आम्ही तालीम केली. दुकानात आम्ही आणि एक म्हातारी, जिला आमची हरकत नव्हती. निरोपाची धून घेतली, तुमची. ती ट्रम्पेटवर एकट्याने सुरू होते आणि मग बाकीचे हळूहळू येऊन मिळतात, हे मी तुम्हाला सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं. तर ती सुरुवात मी क्लॅरिनेटवर घेतली. मागच्या पत्रात सोय झाली म्हटलं होतं ती सोय म्हणजे मीच. वाजवून झाल्यावर भोंगा म्हणाला, "छान आहे. पण मुलगी सासरी चाललीय की दवाखान्यात?"

तेवढ्यात वधूपित्याचा फोन आला. आपल्या गल्लीतला तो दातांचा डॉक्टर, जो लहानपणी तुमच्याकडे ट्रम्पेट शिकायला आला आणि पहिल्याच आठवड्यात पळाला. तो रोज फोन करतो.

"मास्तर कसे आहेत?"

"ठणठणीत."

"एवढा प्रवास झेपतोय ना त्यांना या वयात?"

"त्यांना प्रवासाचा काहीच त्रास नाही."

"जरा देता का फोन?"

"झोपलेत."

मामा, यातला एकही शब्द खोटा नाही. तिकडे तेव्हा रात्र होती आणि तुमच्या लेकीने सांगितलंय की तुमच्या घोरण्याने कपाट हलत होतं. काडी मात्र वाळवायच्या मशीनमध्ये डोकं घालून हसत होता.

तुमच्या कपाळावरची आठी मला इथून दिसते आहे. पण माझं ऐका. बोलावणं आलं ते तुमच्या नावाने. तुमच्या लेकीने तुम्हाला विचारलं, काय कळवू? तुम्ही म्हणालात, "कळव, मेलो म्हणून." हे मी लग्नघरी कसं कळवणार? शुभकार्य आहे. म्हणून मी "येतो" असं कळवलं. येतो म्हणजे नक्की कोण येतो, हे जरा मोघम राहिलं. प्रत्यक्ष भेटीत उलगडून सांगीन.

पँटचा रंग उतरेल असं म्हातारीने खुणेने सांगितलं. किंवा आणखी चढेल असं सांगितलं.

आपला,
जावई

बुधवार, ११ जून
रस्त्याच्या कडेवरून

ती. मामा,

गाडी जरा थांबली आहे. काळजीचं काही कारण नाही. हवा छान आहे. भोंगा लांब गवतात जाऊन एकटाच बसला आहे, त्याला निसर्गाची आवड आहे. सविस्तर मागाहून.

आपला,
जावई

गुरुवार, १२ जून
क्रेनच्या केबिनमधून

ती. मामा,

नमस्कार. कालचं पत्र वाचून झाल्यावर तुम्ही म्हणे टीव्हीकडे बघत म्हणालात, "डिझेलच्या गाडीत पेट्रोल घातलं असणार." टीव्हीवर काय चाललं होतं मला माहीत नाही, पण हो.

भोंग्याचं म्हणणं असं की दोन्ही नळ्या सारख्या दिसत होत्या आणि पाटी परक्या भाषेत होती. गाडी थोडी चालली, मग उचक्या द्यायला लागली, मग एका लांबलचक माळावर तिने मान टाकली. इकडेतिकडे नुसतं गवत. मोबाइलमधली रस्ता सांगणारी बाई, जिला काडी पहिल्या दिवसापासून 'वहिनी' म्हणतो, तीसुद्धा गप्प झाली. भोंग्याने तिच्याशी सकाळपासून वाद घातला होता, त्यामुळे ती रुसली असं काडीचं मत.

मी गाडीच्या मालकांना फोन केला. त्यांनी क्रेन पाठवली. क्रेन म्हणजे मागे आकडा असलेला अवाढव्य ट्रक. त्यातून एक बाई उतरली. पन्नाशीची, पायात गुडघ्यापर्यंत बूट, मनगट माझ्या दंडाएवढं. केस असे कापलेले की काडीने कळवळून "आई गं" म्हटलं. तिने टाकीचं झाकण उघडलं, वास घेतला, आणि आमच्याकडे एकेक करून बघितलं. काही बोलली नाही. बोलली असती तरी कळलं नसतं, पण त्या बघण्याचं भाषांतर भोंग्याने स्वतःच केलं. "गाढव म्हणतेय," तो म्हणाला.

आकडा लावायच्या आधी सामान नीट बसवावं म्हणून तिने व्हॅनचं मागचं दार उघडलं, आणि आतला भोंगा, म्हणजे वाद्य, बघून ती जी हसली! क्रेनमध्ये चढली, सीटच्या मागे हात घातला आणि काळी पेटी काढली. पेटीत ट्रम्पेट! इथे म्हणे गावागावात आग विझवणाऱ्यांचे बँड असतात आणि ही त्यातली. तिथेच रस्त्यात उभी राहून तिने काहीतरी खणखणीत वाजवलं. मामा, फुंक अशी की माळावरच्या गायींनी चरायचं थांबवून माना वर केल्या.  किती महिने झाले, आपल्या घरात हा आवाज नाही.

व्हॅन दुरुस्त होणार ती लग्नाच्या गावाजवळच्याच गॅरेजात, तेव्हा तिथपर्यंत आम्हाला ओढत न्यायचं काम तिचंच. आता आम्ही तिघं तिच्या केबिनमध्ये आणि व्हॅन मागे आकड्याला लटकलेली. भोंगा मधे बसला आहे, त्यामुळे गिअर बदलायच्या आधी ती त्याच्या मांडीला टपली मारते. तो मांडी उचलतो, मग गिअर पडतो. वळणावर आज तो काही ओरडला नाही.

दुपारी थांबलो तेव्हा मी तिला धून वाजवून दाखवली. दोनदा ऐकली आणि तिने उचलली, बोलायचं कामच नाही. सूर स्वच्छ, दम अफाट. फक्त एकच, ती परेडसारखी वाजवते. आपल्या धुनेत मुलीची पावलं उंबऱ्याशी अडतात; हिची मुलगी उड्या मारत चालली आहे. पण अडल्याला निवड कसली! मी तिला खुणेने विचारलं, लग्नात वाजवाल का? तिला लग्न कळेना. काडीने गुडघा टेकून स्वतःच्या बोटात अंगठी घातल्याचा अभिनय केला. ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि मान हलवली. तिने लग्नात वाजवायचं कबूल केलं की काडीची मागणी नाकारली, हे अजून नक्की नाही.

तिच्यासोबतच्या तालमीचं रेकॉर्डिंग तुमच्या लेकीला पाठवतो आहे, तिला ऐकायला म्हणून. तुमच्या खोलीजवळ लावू नकोस असं बजावलं आहे. तिने माझं बजावलेलं आजवर कधी ऐकलं आहे ते तुम्ही जाणताच.

आपला,
जावई

शुक्रवार, १३ जून
रस्त्याकडेचं ट्रक थांबायचं मैदान

ती. मामा,

नमस्कार. आज जे झालं त्याची तुमची बाजू तुम्हाला माहीत आहे. इकडून काय दिसलं ते सांगतो.

सकाळी आम्ही ट्रकच्या सावलीत बसलो होतो. काडीने क्रेनबाईंना पालथ्या डब्यावर बसवलं होतं आणि तो त्यांचे केस सारखे करत होता. त्याच्याने तीन दिवस ते बघवेना असं म्हणाला, खरं तर एकच दिवस झाला होता. माझा फोन वाजला. तुमच्या लेकीचा नंबर. मी म्हटलं, "बोल गं." ती बोलायच्या आत मागून तुमचा आवाज.

"त्याला विचार, कोण गाढव वाजवतंय ते."

"बाबा विचारताहेत, ट्रम्पेटवर कोण आहे?" तुमच्या लेकीने तुमचं वाक्य नेहमीसारखं धुऊन-पुसून दिलं.

"एक बाई आहेत, म्हणून सांग. क्रेन चालवतात."

तिकडे खुर्ची करकरली. मग, "त्याला सांग, बाईंना दे."

"त्यांना आपली भाषा येत नाही म्हणून सांग."

"मला तरी कुठे त्यांची येते? दे म्हणावं!"

मी फोन स्पीकरवर टाकून क्रेनबाईंच्या हातात दिला. खांद्यावर टॉवेल, अर्धं डोकं कापलेलं, आणि कानाशी फोन. आणि मामा, तुम्ही जे सुरू झालात! "बाई, पळताय कुठे? पोरगी घर सोडून चाललीय, बस पकडायला नाही! तिसरा सूर धरा. धरा, धरा, अजून धरा! तिची आई आतल्या खोलीत आहे, ती बाहेर आल्याशिवाय सोडायचा नाही!" आणि मग गाऊन दाखवलंत, तोंडाने, ट्रम्पेटसारखं. क्रेनबाई टॉवेलसकट उठल्या आणि त्यांनी वाजवलं. तुम्ही ओरडलात. त्यांनी परत वाजवलं. त्या त्यांच्या भाषेत तावातावाने काहीतरी म्हणाल्या, तुम्ही म्हणालात, "हां, तेच तर सांगतोय!" त्या काय म्हणाल्या ते आम्हाला अजून कळलेलं नाही. तुम्हाला कळलं असेल तर लेकीला सांगा.

शेजारच्या ट्रकवाल्यांनी न्याहारी सोडून गोल केला. काडी कात्री घेऊन त्यांच्यामागे फिरत होता आणि त्या सूर धरून उभ्या राहिल्या की एक बट कापून घेत होता.

एक जागा मात्र बसेना. धून जिथे क्षणभर थांबते आणि पुन्हा उठते, तिथला श्वास. तुम्ही तोंडाने दाखवलंत, तीनचारदा दाखवलंत. त्यांचा चुकीच्या ठिकाणी पडायचा. मग तुमचा आवाज बंद झाला. मला वाटलं, कंटाळलात, ठेवलात फोन. तुमची लेक हळूच म्हणाली, "बाबा वर गेलेत." आम्हाला जिना ऐकू आला. मग कपाट. मग पुन्हा जिना, जास्त सावकाश.

आणि मग तुमचा ट्रम्पेट.

एकच ओळ वाजवलीत. मधला श्वास, पुन्हा उठणं, बस्स. त्यानंतर खोकलात, बराच वेळ. तुमची लेक "बाबा, पुरे, पुरे" म्हणत होती.

 भोंग्याने पाठ फिरवली. काडी कात्री पुसत बसला. कात्री स्वच्छच होती. मी ट्रकच्या मागे जाऊन टायर तपासले. सगळ्या टायरांत हवा ठीक आहे.

मी परत आलो तेव्हा क्रेनबाई वाजवत होत्या. तीच ओळ, तोच श्वास. अगदी हळू, जसं कुणी झोपलेल्या माणसाच्या अंगावर पांघरूण घालतं. वाजवून झाल्यावर त्यांनी फोनकडे बघितलं.  मग तुम्ही म्हणालात, "बाई, आता काहीतरी खाऊन घ्या." आणि फोन ठेवलात.

मामा, माझ्याशी नाही बोललात, ठीक आहे. मी तक्रार करत नाही. ज्या बाईला तुमचं एक अक्षर कळत नाही तिच्याशी तुम्ही तासभर मनमोकळं बोललात, आणि तिला सगळं कळलं. मला तुमचं अक्षर न् अक्षर कळतं. म्हणूनच आपलं जमत नसावं.

नंतर त्यांनी मला विचारलं, हे कोण? आता सासरा हे खुणेने कसं सांगायचं? काडीने पुन्हा बोटात अंगठी घातली, मग माझ्याकडे बोट केलं, मग हवेत भली मोठी मिशी पिळली आणि शेवटी माझ्या डोक्यात टपली मारली. क्रेनबाईंनी लगेच मान हलवली. सासरा सगळीकडे सारखाच दिसत असावा.

औषध वेळेवर घ्या. हे मी तुमच्या लेकीला लिहिलं आहे, तुम्हाला नाही.

आपला,
जावई

रविवार, १५ जून
लग्नघराच्या मागच्या पायरीवरून

ती. मामा,

नमस्कार. लग्न काल झालं. तुम्ही फोनवरून ऐकलंत, पण दिसलं नाही, म्हणून लिहितो. आणि एक दुसरं कारण आहे, ते शेवटी.

आम्ही पोचलो ते क्रेनमधून, मागे व्हॅन लटकवून. वाटेतल्या गॅरेजात ती सोडायला हवी होती, पण उशीर झाला होता आणि क्रेनबाईंनी घड्याळाकडे बघून क्रेन सरळ लग्नघराकडे वळवली. गुलाबी पँट घालून आम्ही एकामागून एक उतरलो. डॉक्टर सुटाबुटात फाटकाशी उभे होते. त्यांनी केबिनमध्ये बघितलं. मग मागे जाऊन व्हॅनमध्ये बघितलं. मग माझ्याकडे.

"मास्तर कुठायत?"

मी दोन दिवस एक छोटं भाषण पाठ करत होतो. तोंड उघडलं आणि ते सगळं उडालं. भोंगा घाईघाईने म्हणाला, "मास्तर ठणठणीत आहेत."

"म्हणजे आले नाहीत?"

"नाही," मी म्हणालो. "ते निघालेच नव्हते. मी तुम्हाला स्पष्ट सांगायला हवं होतं."

मला वाटलं, आता हा माणूस माझे दात काढणार. त्याला काढताही येतात. पण ते क्रेनच्या पायरीवर मट्‌कन बसले. म्हणाले, "माझी बायको माहेरून निघाली तेव्हा मास्तरांनी ती धून वाजवली होती. आज ती नाहीये. पोरगी निघताना निदान तिच्या आईची धून असावी, त्याच हातची, एवढंच मनात होतं हो."

 काडी, ज्याच्या तोंडाला कधी कुलूप लागलं नाही, तोही जमिनीकडे बघत राहिला. मी तुमच्या लेकीला फोन लावला. तिला काय सांगावं तेही सुचेना, नुसता फोन डॉक्टरांच्या हातात दिला. ते फोन घेऊन झाडाखाली गेले. आम्ही लांबून बघत होतो. ते ऐकत होते, मान हलवत होते, एकदा हसले, एकदा रुमाल काढला. परत आले ते सरळ क्रेनबाईंसमोर जाऊन उभे राहिले, कमरेत वाकले आणि त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले. क्रेनबाईंचा चेहरा कानापर्यंत लाल.

"काय म्हणालात त्यांना?" मी विचारलं.

"मास्तरांनी सांगितलं तेच. म्हणाले, ही माझी शिष्या. हिच्याइतकं मन लावून माझं कुणी ऐकलेलं नाही. मी आलो असतो तर मी वाजवलं असतं, पण मी सध्या हिच्याहून चांगलं वाजवत नाही, म्हणून हिला पाठवली."

मामा! शिष्या? तासाभराची शिकवणी, तीही गाड्या उभ्या करायच्या मैदानात, अर्धे केस कापलेले असताना! मी वीस वर्षं तुमच्याशेजारी उभा राहून वाजवतो आहे. कुणी विचारलं तर तुम्ही माझी ओळख "हा आमचा जावई, वाजवतो आपला काहीतरी" अशी करून देता. पण जाऊ द्या. डॉक्टर सावरले. तुम्ही त्यांना सावरलंत, आणि आम्हालाही.

बाकी पाहुण्यांना गुलाबी पँट फार आवडल्या. एका बाईंनी कुठे शिवल्या म्हणून विचारलं, काडीने ऐटीत स्वतःकडे बोट दाखवलं.

निघायची वेळ झाली. मुलगी पायऱ्या उतरली, एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला डॉक्टर. मी तुमच्या लेकीला फोन लावून तो चालूच कोटाच्या खिशात ठेवला. क्रेनबाई पुढे झाल्या. बूट तेच, गुडघ्यापर्यंतचे, पण पुसलेले. त्यांनी सुरुवात केली.

आवाज तुमच्यासारखा नव्हता, मामा. खोटं कशाला सांगू? तुमच्या सुरात थोडी घरघर असते, त्यांचा धुतलेल्या काचेसारखा. पण तिसरा सूर त्यांनी धरला, आणि असा धरला की मुलगी गाडीच्या दाराशी आपसूक थांबली. मागे वळली. डॉक्टर तिथेच उभे होते. मग तो श्वास. मग धून उठली, आम्ही तिघं मिळालो, भोंगा आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर आला. मुलगी धावत येऊन बापाच्या गळ्यात पडली आणि डॉक्टर रडता रडता मोठमोठ्याने हसायला लागले. तिथले लोक, ज्यांना ही धून कशाची हे ठाऊकही नव्हतं, ते एकमेकांचे हात धरून उभे होते.

गाडी गेल्यावर मी खिशातून फोन काढला. तुमची लेक असेल म्हणून विचारलं, "काय गं, ऐकलं का त्यांनी?"

 नुसता श्वास ऐकू येत होता. मग तुम्ही म्हणालात, "क्लॅरिनेट उतरला होता तुझा."

तुमची लेक मधे नव्हती. 'त्याला सांग' नव्हतं. 'तुझा' म्हणालात.

मी म्हणालो, "हो मामा."

"पहिल्या ओळीपासून उतरला होता."

"हो मामा."

"हो काय? कान कुठे ठेवले होतेस?"

मी फोन ठेवला नाही आणि तुम्हीही ठेवला नाही. आपण दोघं तसेच राहिलो बराच वेळ, मी लग्नघराच्या अंगणात आणि तुम्ही तिकडे खुर्चीत. शेवटी तुमच्या लेकीने येऊन "फोन तापलाय, ठेवा आता दोघं" म्हटलं.

तेच ते दुसरं कारण. एरवी आज लिहिण्यासारखं काही नव्हतं, घरी येऊन तोंडानेच सांगितलं असतं. पण तुम्ही फोन ठेवल्यावर मी क्लॅरिनेट काढला आणि भोंग्याला सूर द्यायला सांगितलं. लावून बघितला. खरंच उतरला होता, चांगला बोटभर.

काडी म्हणाला, "जाऊ दे रे. एवढ्या माणसांत कुणाला कळलंही नाही."

मी म्हटलं, ज्याला कळायला हवं होतं, त्याला कळलं.

तुमचा,
जावई